अकरा सेकंदांचा पखवाज

गेल्या माघात आमच्या गावच्या देवळात मुंबईहून चार माणसे ध्वनिमुद्रणासाठी आली आणि दोन दिवस राहून गेली. गाव गुहागर तालुक्यातले, खाडीच्या काठाचे, तीन वाड्यांचे आहे. देऊळ ग्रामदेवतेचे, कौलारू, पुढे लाकडी खांबांचा सभामंडप. त्या सभामंडपात आमच्या भजनी मंडळाने दोन रात्री गाऊन दिले. आलेल्यांमध्ये जो संगीतकार होता, त्याचे आधीचे दोन अल्बम मी इतक्या वेळा ऐकले होते की एक गाणे संपता संपता पुढच्याचा पहिला स्वर माझ्या मनात आपोआप लागत असे. तो माणूस आपल्या देवळात येतो, आमच्या बुवांसमोर मांडी घालून बसतो आणि ‘कोकणातल्या भजनाच्या जुन्या चालींचा अल्बम करायचा आहे, मूळ चालीला धक्का लावणार नाही’ असे सांगतो, याचे मला फार अप्रूप वाटले होते. त्या दोन्ही रात्री मी देवळातून हलले नाही.

मंडळाचा पखवाज आबा वाजवतात. त्यांचे वय आज ७१ आहे. ते लालबागच्या एका गिरणीत कामाला होते; १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि ते गावी परतले. पखवाज मात्र ते मुंबईतच शिकले, गावकीच्या खोलीत. पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे शनिवारी रात्री त्याच खोलीत भजनाला बसत, आणि वळकट्या भिंतीला लावून झालेल्या मोकळ्या जागेत आबांचा हात तयार झाला. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी घरून पितळी वाटीत घट्ट मळलेली गव्हाची कणीक आणली होती. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ती थापल्याखेरीज घुमारा येत नाही, आणि किती थापायची याला काही माप नाही. आबा चिमूटभर कणीक काढत, पंजाने एक थाप मारत, मान कलती करून ऐकत आणि पुन्हा थोडी लावत. मग उजव्या तोंडाकडच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून तिकडचा आवाज पेटीच्या काळी चार या पट्टीला मिळवत. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने दोन्ही तोंडांशी एकेक मायक्रोफोन लावला होता आणि पंखे बंद करायला सांगितले होते. माघातल्या कोरड्या वाऱ्याने कणीक सुकत होती, म्हणून त्या एका रात्रीत आबांनी ती तीनदा बदलली.

आमच्याकडचे भजन पायरी पायरीने चढते. आधी नामस्मरण, मग रूपाचा अभंग, मग एक-दोन अभंग, त्यानंतर गौळण आणि शेवटी गजर. पहिल्या अर्ध्या तासात पखवाज थोडे बोलतो आणि पुष्कळ ऐकतो. बुवा ओळ सोडतात, मागची मंडळी ती उचलतात, आणि ओळ समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकली की पखवाज तिला नुसता हात देतो. गजर सुरू झाला की तोच पखवाज सगळा भार अंगावर घेतो. लय वाढत जाते, बसलेली माणसे गुडघ्यांवर येतात, टाळांचा आवाज कौलांना जाऊन लागतो. हा चढ ज्याने एका बैठकीत ऐकला नाही, त्याला नुसता गजर ऐकवून काही कळत नाही, आणि गजर वगळला तर आधीचे सारे अर्धवट राहते. संगीतकाराला हे नेमके कळले आहे असे मला वाटले होते, कारण दोन्ही रात्री त्याने मंडळाला मध्ये कुठेही थांबवले नाही.

त्यानंतर दहा महिने गाव वाट पाहत होते. श्रावणात अल्बममधले एक गाणे आधी आले. त्यात बुवांचा आवाज होता, चाल जशीच्या तशी होती, आणि मागे केवळ तंबोरा व एक बासरी होती. ते गाणे गावातल्या प्रत्येक फोनवर पोहोचले. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी ते आरतीनंतर लावले. आबा मला दर आठवड्याला विचारत, “बाय, बाकीचं कधी येणार?” मी सांगत असे, “आबा, काम बारीक आहे, वेळ लागणारच.” हे मी खरोखरच मनापासून म्हणत होते. ज्या माणसाने बुवांच्या आवाजाला इतके जपले, तो गजराचे काय करील याची कल्पना करण्यात माझे महिने गेले. रात्री दिवा मालवल्यावर तो संपूर्ण अल्बम मी मनात ऐकत असे. रूपाच्या अभंगापासून गजरापर्यंतचा चढ, मध्ये मंडपातली क्षणभराची शांतता, कोणाचा तरी खोकला, आणि सगळ्यांच्या तळाशी आबांचा डावा हात.

देवदिवाळीच्या सुमारास अल्बम आला. वाडीतल्या एका मुलाने स्पीकर आणला आणि आम्ही तीस-चाळीस जण सभामंडपातच ऐकायला बसलो. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. नऊ गाणी होती, सगळी मिळून ३१ मिनिटांची. पहिल्या गाण्याच्या आरंभी समुद्राच्या लाटांचा आवाज होता. आमचे भजन खाडीकाठचे, तिथे लाटा नाहीत, पण ते मी मनावर घेतले नाही. पुढे बुवांच्या एका ओळीचे तुकडे करून ते पुन्हा पुन्हा वाजवले होते आणि त्याखाली यंत्राचा ठोका होता. दुसऱ्या गाण्यात तेच, तिसऱ्यात तेच. चौथ्यात पखवाज ऐकू आला आणि मंडपातली सगळी माणसे आबांकडे पाहू लागली, तोवर तो थांबलाही होता. नंतर मी मोजले, तो अकरा सेकंद वाजतो. सहावे गाणे श्रावणात आलेलेच होते. नववे संपले आणि स्पीकर गप्प झाला, तेव्हा आबा मला म्हणाले, “गजर राहिला ना, बाय? तो लाव.”

गजर अल्बममध्ये नाही हे मला त्यांना सांगावे लागले.

मी हे लिहायला दोन महिने थांबले. त्या संध्याकाळच्या रागात लिहिले असते तर ते एका माणसावरचे आरोपपत्र झाले असते. त्याचे नाव मी इथेही घेणार नाही, कारण कान दुखावला म्हणून दिलेला निकाल दर वेळी बरोबर असतोच असे नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. अपेक्षाभंग दोन तऱ्हांचा असतो. कधी अल्बम आपण मनात बांधलेल्या अल्बमहून वेगळा निघतो, आणि कधी तो त्याच्या कर्त्यानेच मनापासून केलेला नसतो. पहिल्या ऐकण्यात या दोन्हींची चव सारखीच कडू लागते. कोणता अपेक्षाभंग कोणत्या तऱ्हेचा, हे ओळखायला मला आयुष्यातली बरीच वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात आमच्या घरातल्या पाच कॅसेटींपासून झाली.

त्या पाचांपैकी एक लता मंगेशकरांनी गायलेल्या ज्ञानेश्वरांच्या रचनांची होती, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. मामाने ती दादरहून आणली होती. घरात पाचच कॅसेटी असल्या की त्यांतली प्रत्येक शेकडो वेळा ऐकली जाते. त्या कॅसेटमधल्या चाली चटकन गुणगुणता येत नसत, आणि म्हणूनच त्या मला पुन्हा पुन्हा बोलावत असत. ओळ कुठे वळेल याचा अंदाज चुके, पण वळून झाल्यावर असे वाटे की त्या शब्दांना दुसरीकडे जाताच आले नसते. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याच वस्तूंना बुरशी धरते. कॅसेटीच्या रिळावर पांढरे ठिपके येऊ नयेत म्हणून आई त्या पाचही कॅसेटी पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा चुलीमागच्या फळीवर ठेवत असे. रीळ सैल झाले की पेन्सिल घालून ते घट्ट करायचे, महिन्यातून एकदा कापसाच्या बोळ्याने डेकचे हेड पुसायचे, ही माझी कामे होती. अपेक्षा कुठून येते असे कोणी विचारले तर मी त्या डब्याकडे बोट दाखवीन. जाहिरातीने उत्सुकता वाढते, पण ती दोन दिवसांत ओसरते. खरी अपेक्षा आधीच्या कामावर जडलेल्या जिवातून येते, आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

दहावीच्या वर्षी अशाच एका आवडत्या संगीतकाराचा भावगीतांचा नवा संच निघणार असल्याचे वर्तमानपत्रात आले. त्याचा आधीचा संच त्या डब्यातल्या पाचांतला होता. मी मामाला पत्र लिहिले, आणि गणपतीला येताना त्याने ती कॅसेट आणली. प्लास्टिकचे वेष्टन मी नखाने न फाडता ब्लेडने कापले होते, ते मला अजून आठवते. आठ गाणी होती, एका बाजूला चार. पहिल्या बाजूचे पहिले गाणे फार सुंदर होते. दुसरे बरे होते. तिसऱ्यापासून मला वाटू लागले की हे मी कुठेतरी ऐकले आहे, आणि दुसऱ्या बाजूला गेल्यावर ध्यानात आले की हे सगळे त्याच माणसाच्या जुन्या चालींचे उष्टे आहे. पहिल्या अंतऱ्याची चाल तीच दुसऱ्याला, तीच तिसऱ्याला. कवितेत विरह असो की सकाळ असो, मधले संगीत एकाच साच्याचे. एका ओळीत तर चालीच्या सोयीसाठी शब्द असा तोडला होता की अर्थच उलटा होत होता. पेणला जन्मलेले संगीतकार यशवंत देव आयुष्यभर शब्दप्रधान गायकीचा आग्रह धरत राहिले. त्यांचा तो आग्रह मला पुढे वाचून समजला, पण त्याची गरज त्या एका तुटलेल्या शब्दाने त्याच दिवशी पटवली होती.

ती कॅसेट मी टाकून दिली नाही. दोष माझ्या कानाचा असेल असे समजून मी ती दिवाळीपर्यंत रोज ऐकली. जसजशी ऐकत गेले तसतशी ती लहान होत गेली. आधी न दिसलेल्या फटी दिसू लागल्या, आणि पहिले सुंदर गाणेसुद्धा पुढे काय वाढून ठेवले आहे हे माहीत असल्यामुळे फिके वाटू लागले.

अशी नुसती जागा भरणारी, भरतीची गाणी का घातली जातात, याचा विचार करताना मला तबकडीचा इतिहास आठवतो. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुस्तकात घालून विकत, त्यावरून अल्बम हा शब्द आला. १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट पुढे साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची होत गेली, आणि १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ७४ मिनिटे मावू लागली. भांडे मोठे होत गेले, पण एका माणसाला वर्षभरात सुचणाऱ्या खऱ्या चाली काही वाढल्या नाहीत. तीन मिनिटांच्या काळात भरतीचे गाणे घालायला जागाच नव्हती. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आसपासच आहे, आणि तिच्यातला एकही स्वर काढून ठेवता येत नाही. अर्थात त्या काळच्या रसिकांचा अपेक्षाभंग वेगळा होता. आमच्या आजोबांनी मुंबईत मैफली ऐकल्या होत्या, आणि तबकडी ऐकून झाल्यावर ते म्हणत की दार उघडले आणि लगेच लावून घेतले.

पण भांड्यावर सगळा दोष टाकणेही मला पटत नाही, कारण आजी सांगत असे ती गोष्ट त्याच्या आड येते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. ग. दि. माडगूळकर लिहीत होते आणि सुधीर फडके चाली बांधत होते. आमच्या भागात तेव्हा वीज नव्हती. खोतांच्या घरी बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता आणि त्यांच्या पडवीत त्या वेळेला बसायला जागा मिळत नसे. आजी म्हणायची की शनिवार-रविवार उजाडला की बायका विहिरीवर बोलत, आता कैकेयी काय म्हणेल, आता भरत काय म्हणेल. छप्पन्न वेळा वाट पाहिली आणि छप्पन्न वेळा ती फळाला आली. तेव्हा संख्येमुळे किंवा घाईमुळे काम पातळ होतेच असे नाही. तिथे प्रत्येक गीत कोणाच्या तरी तोंडचे होते, कथेतल्या एका विशिष्ट क्षणी उभे होते, आणि ते तिथे नसते तर कथेत भोक पडले असते. दहावीतल्या माझ्या त्या कॅसेटमधल्या आठांपैकी पाच गाणी काढली असती तरी कोणाचे काही अडले नसते.

अल्बम नुसता वेगळा निघण्याचा, म्हणजे वर सांगितलेल्यांतल्या पहिल्या तऱ्हेचा, अनुभव कॉलेजच्या पहिल्या वर्षातला आहे, आणि त्याची मला आजही कृतज्ञता वाटते. कुमार गंधर्वांची भूपाळी सकाळी रेडिओवर ऐकत मी मोठी झाले होते. निबंधस्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून मी चिपळूणला जाऊन त्यांच्या निर्गुणी भजनांची कॅसेट घेतली. मला त्या भूपाळीचा मऊपणा हवा होता. घरी आल्यावर ऐकले तर तसे काहीच नव्हते. मागे तंबोरे, थोडा ठेका, आणि आवाज असा की ओळ अर्ध्यावर उसळून थांबे, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तीच ओळ. इतके पैसे घालून हे काय आणले, असे मला झाले. मी गप्प बसून राहिले आणि आईने विचारले तेव्हा चांगली आहे असे खोटेच सांगितले.

खाऱ्या हवेने आमच्या डेकच्या झाकणाची कमान गंजली होती. त्याच संध्याकाळी ते झाकण अडकले आणि कॅसेट आत राहिली. दुरुस्ती करणारा माणूस त्या पावसात बारा दिवसांनी आला. डेक वाजत होता, फक्त आतली कॅसेट बदलता येत नव्हती. घरात संध्याकाळी गाणे लागायचेच, म्हणून बारा दिवस तीच कॅसेट वाजली. पहिले तीन-चार दिवस मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसत असे. पुढे केव्हातरी तांदूळ निवडताना माझ्या लक्षात आले की मी ओळींच्या मधली जागा ऐकते आहे. तिथे काही नाही असे मला वाटले होते, पण तिथे तंबोरे होते, आणि ते इतके काटेकोर लावलेले होते की आवाज थांबला तरी सूर थांबत नव्हता. ओळ त्या सुरातून वर येत होती आणि त्यातच परत जात होती. क्षयाच्या आजारात त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले होते, देवासला ते काही वर्षे गाण्याविना अंथरुणावर होते आणि खिडकीतून माळव्याची लोकगीते ऐकत होते, हे मी नंतर वाचले. ते वाचण्याआधीच त्या तुटक श्वासांमागची शिस्त मला ऐकू आली होती, याचे मला समाधान आहे. बाराव्या दिवशी झाकण उघडले तेव्हा मी ती कॅसेट काढू दिली नाही.

म्हणून या वेळीही मी स्वतःला बारा दिवस दिले. नोकरीसाठी मी रोज धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला जाते. घरून धक्का, धक्क्यावरची वाट पाहणे आणि बोट धरली तर ३१ मिनिटांचा अल्बम जाताना एकदा आणि येताना एकदा पुरा होतो. मी तो क्रमाने ऐकला, एकही गाणे न ओलांडता. मी मनात बांधलेला अल्बम बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. हा भजनाचा दस्तऐवज नाही, हे एका शहरी संगीतकाराचे स्वतःचे काम आहे, त्याला आपला ठोका वापरायचा अधिकार आहे, अशी मी माझी समजूत घालत होते. तुकडे करून वाजवलेल्या ओळींमध्येही कुमारांच्या तंबोऱ्यासारखे काही दडलेले असेल, असे मला वाटत होते.

आठव्या दिवसापर्यंत मला कळून चुकले होते. नऊपैकी सहा गाण्यांचा ठोका एकाच वेगाचा आहे आणि त्यातले भराव तेच आहेत. बुवांच्या ज्या ओळीचे तुकडे केले आहेत, ती पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या गाण्यात तीच आहे. दोन रात्रींत मंडळाने चौदा चाली गाऊन दिल्या होत्या, त्यातल्या फक्त चार वापरल्या गेल्या. म्हणजे त्या माणसाला सामग्री कमी पडली नव्हती. त्याने ती पुन्हा उघडून ऐकलीच नसावी, हे माझे अनुमान आहे आणि मला ते दुःखाने करावे लागते, कारण त्याच्या आधीच्या दोन अल्बमांत एक स्वरही असा सांडलेला नाही.

त्याच्यावरचा दबावही मला दिसतो. हल्ली फोनवर गाणे तीस सेकंद वाजले तरच स्पॉटिफाय ते ऐकले गेल्याचे धरते. तेव्हा जे काही दाखवायचे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात दाखवावे लागते, आणि गाणे आटोपशीर ठेवावे लागते. या हिशेबात आमचे भजन कुठेच बसत नाही. आमच्या बुवांना पहिल्या तीस सेकंदांत तर नुसता सूर लावायचा असतो. पखवाज ज्या संयमाने अर्धा तास मागे राहतो, तो संयम तिथे कोणाला ऐकू येणार? पण मग मूळ चालीला धक्का लावणार नाही असे वचन देऊ नये. आमच्याकडच्या माणसांनी मानधन मागितले नव्हते. त्यांनी कणीक तीनदा मळली होती ती त्या वचनावर.

आबा त्या संध्याकाळनंतर अल्बमविषयी एक शब्दही बोललेले नाहीत. एकादशीला त्यांनी नेहमीसारखा पखवाज वाजवला. गजराला उठलेल्या पोरांपैकी दोघांनी फोनवर ते मुद्रण केले, पण फोनवर डावे तोंड येत नाही, नुसता उजव्याचा टणत्कार येतो. देवळातल्या त्या दोन मायक्रोफोनांनी जे टिपले होते, तसे आबांचे वादन पुन्हा कोण, केव्हा टिपणार, हा विचार आला की मला स्वस्थ बसवत नाही. शेवटी मी त्या संगीतकाराला पत्र लिहिले. अल्बम आवडला नाही हे मी त्यात स्पष्ट लिहिले, का आवडला नाही हे गाण्यागणिक लिहिले, आणि एकच मागणी केली: दोन रात्रींचे मूळ ध्वनिमुद्रण, काहीही न करता, जसे आहे तसे, गावाला द्यावे. ते विकले जाणार नाही, कुठे चढवले जाणार नाही, मंडळाच्या कपाटात राहील आणि नव्या मुलांना शिकवताना लावले जाईल, असे मंडळाच्या वतीने अध्यक्षांची सही घेऊन कळवले. पत्राला पाच आठवडे झाले. उत्तर आले नाही तर मे महिन्यात मी स्वतः मुंबईला जाऊन ते मागणार आहे.

सहावे गाणे मी अजूनही ऐकते. त्यात अंतऱ्याच्या आधी बुवा श्वास घेतात तेव्हा मागून कोणीतरी देवळात शिरून घंटा वाजवतो. ती आमच्या पुजाऱ्यांची सून होती, दिवाबत्तीला आली होती, आणि मंडपात ध्वनिमुद्रण चालू आहे हे तिला माहीत नव्हते. संगीतकाराने ती घंटा काढली नाही. तिचा नाद विरता विरता अगदी खाली, कान देऊन ऐकले तर, कणीक नीट बसली आहे की नाही हे पाहण्यासाठी आबांनी हलकेच मारलेली एक थाप ऐकू येते.